घर क्रमांक एक्केचाळीस

कान्येरो, सिआया काउंटी
९ फेब्रुवारी २०२३

ओडेरोदादा,

कसा आहेस? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे सगळे आहेत. आईचा गुडघा दुखतो. लाल गाय आटली. तुझा फोन लागत नाही, आणि लागला तर तू उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी ओचोलाच्या हाती देते आहे. तो अजून नैरोबीच्या बसवर कंडक्टर आहे आणि तुझं वर्कशॉप त्याला माहीत आहे.

कामाचं आधी लिहिते. काउंटीत सध्या घरोघरच्या राहणीमानाची पाहणी चालू आहे. माणसं किती, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता, पोट कशावर चालतं. माझ्याकडे अकरा प्रगणक आहेत. ते टॅबवर भरतात आणि मी तपासते. आपलं गाव माझ्याच गटात आलं. मी ते बदलून मागितलं होतं, मिळालं नाही. गावात सत्त्याण्णव घरं निघाली. त्यातल्या एकतीस घरांत एकही कर्ता पुरुष नाही. हा आकडा बघून वरचे लोक भुवया उंचावतात. आपल्याकडे कुणी उंचावणार नाही.

तपासताना घर क्रमांक एक्केचाळीसपाशी अडले. भिंती मातीच्या, छप्पर पत्र्याचं, राहणारा एक पुरुष, वय छत्तीस. उपग्रहाच्या चित्रात त्या जागी नुसती जमीन दिसत होती. जागा आपल्या अंगणातली होती, फाटकातून आत आल्यावर उजवीकडची.

प्रगणक क्विंटर नावाची मुलगी आहे, कामाला चांगली. तिला विचारलं तर ती रडवेली झाली.

"ताई, मी विचारलं, आई, इथे काय आहे? त्या म्हणाल्या, माझ्या मोठ्याचं घर. मी म्हटलं, भिंती? म्हणाल्या, मातीच्या. छप्पर? म्हणाल्या, पत्र्याचं, बावीस पत्रे लागले. इतक्या खात्रीने सांगत होत्या की मला वाटलं, मलाच दिसत नाहीये."

"मग तू डोळ्यांवर विश्वास ठेवायचा."

"त्या झाडत होत्या ना ती जागा. अगदी उंबरठ्यापाशी वाकावं तशा वाकून."

मला खरं तर चिडायला हवं होतं. मी फक्त म्हटलं, "पुढच्या वेळी फोटो काढत जा." नियम असा आहे की नोंद चुकीची असेल तर तपासनिसाने स्वतः जागेवर जाऊन ती दुरुस्त करायची. मी शनिवारी गेले. मोकळ्या जमिनीचा फोटो काढला आणि घर खोडलं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेला माणूस घरात मोजत नाहीत, म्हणून तुलाही खोडलं.

आई बाजूला उभी होती. "पुसलंस?" एवढंच म्हणाली. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. उगाली वाढते, चहा देते, पण बोलत नाही. सगळं गाव तिला ओडेरोची आई म्हणतं. मी ओडेरोच खोडला, तर तिला काय म्हणायचं, हा प्रश्न फॉर्मवर नाही.

आता मुद्दा. ओगोलाला घर बांधायचं आहे. तू बांधल्याशिवाय धाकट्याला बांधता येत नाही, आणि बायकोला घेऊन आईच्या घरात झोपता येत नाही, हे तुला सांगायला नको. तो, नेरेआ आणि पाच महिन्यांची आपोंडी मासळीच्या धक्क्यावर भाड्याच्या खोलीत राहतात. मी ती खोली मोजली आहे. आठ बाय नऊ फूट, चारी बाजूंनी पत्रा, खिडकी नाही. सरोवर चढलं आहे, आणि वारा असला की पाणी दारातून आत येतं. आपोंडीला खोकल्यापायी महिन्यात दोनदा दवाखान्यात नेली. तिथली नर्स म्हणाली, पावसाच्या आत खोली बदला. मार्चच्या मध्यावर पाऊस लागेल.

तू एक दिवस ये. चार खांब रोव, एक रात्र झोप आणि जा. तू आजवर का बांधलं नाहीस, ते मी विचारत नाही.

तुझी,
अलुओच


कान्येरो
२६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण ओचोला म्हणाला की तू जाड झाला आहेस.

तुझा निरोप मिळाला. "बांधू दे त्याला." तीन शब्द. पंधरा दिवस थांबून तीन शब्द आले. तरी ते घेऊन मी ओगोलाबरोबर ओबिएरोकाकांकडे गेले. बाबांच्या मागे अशा गोष्टींना होकार त्यांचाच लागतो. काका आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. नेरेआ आपोंडीला पाठीशी बांधून फाटकाबाहेरच उभी राहिली. घर नाही तोवर ती आत येत नाही. तिच्या माहेरचे म्हणतात, आमची मुलगी घरात नेली की गोदामात?

"काका, दादाची परवानगी आली आहे," मी म्हटलं.

"कुठे आहे?"

"निरोप पाठवलाय."

"निरोपाने खांब रोवता आले असते तर मी दोन्ही बायकांशी संसार निरोपानेच केला असता," काका म्हणाले. "फार शांतता मिळाली असती."

ओगोला हसला. मी हसले नाही. मी म्हटलं, "मूल आजारी आहे. पाऊस तीन आठवड्यांवर आलाय. तो येणार नसेल तर काहीतरी वाट काढावीच लागेल ना?"

"मोठा मेलेला असता तर वाट होती. त्याच्या नावाने दोन काटक्या रोवल्या असत्या. जिवंत माणसाच्या नावाने काटक्या रोवायच्या? जा, आईला विचार, ती रोवू देते का."

"सरकारी कागदावर तर दादा या घरात नाहीच," ओगोला म्हणाला. चेष्टेतच म्हणाला, पण मला ते लागलं. हे मीच त्याला सांगितलं होतं.

काका माझ्याकडे वळले. "हो, ऐकलं मी. तू खोडलास म्हणे. मोजायची इतकी हौस असेल तर लग्न कर, नवऱ्याच्या घराचे खांब मोज. आणि ओडेरोचं छप्पर कुठे गेलं, तेही एकदा मोजून सांग सगळ्यांना."

मी टॅब उघडला आणि काहीतरी तपासत असल्यासारखं केलं. टॅबची बॅटरी सकाळीच संपली होती.

ओगोलाने मला रस्त्यात विचारलं, "ताई, छपराचं काय म्हणत होते काका?" त्या वेळी तो सतरा वर्षांचा होता आणि आत्याकडे शिकत होता. त्याला खरंच माहीत नाही. मी म्हटलं, म्हातारे आहेत, बोलतात काहीही.

त्याविषयी मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते की ओगोलाने धीर सोडला आहे. धक्क्यावरची बारीक ओमेना मासळी अर्धी झाली, मोठी मासळी कंपनीच्या बर्फाच्या गाड्या नेतात, आणि त्याचा एक मित्र टांझानियाच्या बाजूला बेटावर गेला आहे. तोही मार्चअखेर नेरेआला आणि मुलीला घेऊन तिकडेच जायचं म्हणतो. मग आईच्या घरात माणसं किती, तर एक. पुढच्या पाहणीत तेवढंच येईल. मला ते कुणाकडून भरून घ्यायचं नाही, आणि मी स्वतःही भरणार नाही.

मला कंटाळा आला आहे, दादा. घर बांधायला माणसं आहेत, माती आहे, लाकूड आहे. मी पगारातून छप्पर आणू शकते, पण मुलीने आणलेलं छप्पर या अंगणात चढत नाही. मला ह्या अंगणात ना खांब रोवता येतो, ना मेल्यावर जागा मिळते. तरी सगळ्यांकडे फेऱ्या मी घालते आहे, आणि ज्याच्या हातात सगळं आहे तो नैरोबीत दिवसभर पत्रा ठोकून दुसऱ्यांसाठी ट्रंका बनवतो.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

अलुओच


कान्येरो
१९ मार्च

ओडेरोदादा,

सुखरूप पोचला असशील.

मी काल, शनिवारी, घरी आले. रस्त्यावरूनच छप्पर दिसलं. आधी वाटलं आपलं फाटक चुकलं.

आईने सगळं सांगितलं. हो, बोलली. गुरुवारी उजाडता तू आलास, खांद्यावर कुऱ्हाड होती. ओगोलाने लाकूड तोडलं, काका खुर्ची घेऊन आले आणि प्रत्येक खांबाला नावं ठेवत बसले. शेजारच्या बायकांनी माती कालवली, आईने कोंबडा कापला. संध्याकाळपर्यंत छप्पर चढलं. तू त्यात झोपलास. शुक्रवारी सकाळच्या बसने गेलास. आज ओगोलाने डाव्या बाजूला आपले खांब रोवले. मंगळवारी छप्पर चढेल. नेरेआ आज पहिल्यांदा फाटकाच्या आत आली. आईने आपोंडीला तिच्या पाठीवरून सोडवून घेतलं, ते अजून परत दिलेलं नाही. पोरीचा खोकला आहेच, पण बेटावर जायचं नाव आता कुणी काढत नाही. पाऊस अजून लागलेला नाही.

मी जे मागितलं ते सगळं तू केलंस. मला आनंद व्हायला हवा होता.

मी आईला विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"विचारत होता, अलुओच घरी कधी येते."

"तू काय सांगितलंस?"

"शनिवारी, म्हटलं. बुधवारी फोनवर विचारलं होतं त्याने."

म्हणजे बुधवारी विचारलंस, गुरुवारी आलास आणि शुक्रवारी गेलास. एवढं गणित मला येतं.

छप्पर गवताचं आहे. आख्खं आयुष्य पत्र्यात काढणाऱ्या माणसाने गवत चढवलं. काकांना वाटतं घाई होती. आईला वाटतं पैसे नव्हते. मी त्या दाराशी बराच वेळ उभी होते, आणि मला काय वाटतं ते आता लिहायला हवं, कारण दोन चिठ्ठ्यांत मी ते टाळलं.

बावीस पत्रे होते. तू दोन वर्षं रेतीच्या होडीवर काम करून एकेक आणलास. कणगीमागे रचलेस आणि मला म्हणालास, "तुझं अक्षर चांगलं आहे, नंबर टाक." मी कोळशाने एक ते बावीस आकडे टाकले. जूनमध्ये मला किसुमूच्या कॉलेजात जागा मिळाली. बाबा म्हणाले, शेळ्या विकून भागवू. शेळ्या तीन होत्या आणि फी किती ते मला पाठ होतं. बाजाराच्या दिवशी तू पाण्यावर होतास. मी साबण आणायला गेले, तर समोरून हातगाडी आली. वरच्या पत्र्यावर बावीस होतं, माझ्या अक्षरात. मी वळले आणि शाळेच्या मागच्या वाटेने घरी आले. साबण न आणल्याबद्दल आईची बोलणी खाल्ली.

तू आल्यावर मलाच पहिलं विचारलंस, "अलुओच, पत्रे कुठे?" मी म्हटलं, "बाबांना विचार." उत्तर चुकीचं नव्हतं. त्याच्या आधारावर मी नऊ वर्षं काढली. सोमवारी मी फी भरली. तू बुधवारी गेलास. बाबांच्या मातीला आलास तेव्हा चुलतभावाच्या घरी झोपलास, कारण स्वतःचं घर नसल्याने तुला आपल्या अंगणात झोपायला जागा नव्हती, आणि मी सगळ्यांना सांगितलं की दादाला तिथे बरं वाटतं.

बाबांनी मला न विचारता विकले, हे खरं आहे. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं का? मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. नसतं म्हटलं. मला जायचं होतं. तुझं घर आणि माझं कॉलेज यांत मला काय हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही माहीत आहे. मला पश्चात्ताप शिकल्याचा नाही. तोंड वळवून मागच्या वाटेने आले, त्याचा आहे. समोरून आले असते तर निदान तुला मी सांगितलं असतं.

ओगोलाला हे सगळं मी आज सांगितलं. तो खांब ठोकत होता. थांबला, म्हणाला, "आणि तू दादाला रागावून चिठ्ठ्या लिहीत होतीस?" मग पुन्हा ठोकायला लागला. जेवायला मात्र त्याने माझ्याशेजारीच बसकण मारली.

तू पुन्हा माझी नजर चुकवून आलास तर मला राग येईल, पण तक्रार करणार नाही. माझा आठवड्याचा दौरा ठरलेला असतो. सोमवार ते शुक्रवार मी कुठे असते ते ओचोलाला ठाऊक आहे, तो तुला सांगेल. भेटायचं नसेल तर त्या दिवसांत ये, घर तुझं आहे.

भेटायचं असेल तर शनिवारी ये.

अलुओच