किटली गेला

ग्लेस बे, ११ फेब्रुवारी १९८६

चि. मर्डॉक यास,
अनेक आशीर्वाद. बाबांना दोन दिवस अंत्यदर्शनाला ठेवलं होतं. आले चौघं, त्यातले एक पाद्रीबाबा. लोकांसाठी केलेली साठ सँडविचं आठवडाभर मीच खातेय. फार दमले रे.

काल दुकानवाल्या जेसीनं विचारलं, की किटली बरेच दिवस दिसला नाही, आजारीबिजारी आहे का. मी तिथंच रडले. तू पेपरात निधनाची बातमी दिलीस 'अँगस मॅकडोनाल्ड, निवृत्त खाणकामगार'. अरे, गावात अँगस मॅकडोनाल्ड अकरा! ओळखतात ते टोपणनावानंच: एक बूट, एक पिवळी टोपी, एक तीन गाई, आणि आपले बाबा किटली. गेला कोण, हे लोकांना कळावं कसं? संपात थंडीवाऱ्यात खाणीच्या फाटकाशी किटली घेऊन उभा राहायचा, सगळ्यांना चहा पाजायचा, त्या माणसाला निरोप द्यायला कुणी नाही.

जमीन गोठलीय, म्हणून दफन मे महिन्यात. तोवर शहाणा हो.
रागावले आहे, पण माया पातळ झालेली नाही.
तुझी एफीताई

फोर्ट मॅकमरी, २ मार्च

ती. एफीताईस,
सा. न. वि. वि. बारा-बारा तासांच्या पाळ्यांनी डोकं चालत नाही, पण खरं सांगतो, ते मी मुद्दामच केलं. शाळेत मास्तरसुद्धा मला किटलीचा म्हणायचे. वाटलं, मेल्यावर तरी बाबांनी माणूस म्हणून जावं, भांडं म्हणून नको.

इथं, देशाच्या दुसऱ्या टोकाला या तेलखाणीत, मला कुणी तसं म्हणत नाही. मुकादम रोज माणसं मोजताना एवढंच विचारतो, की आज किती हात आले. सात वर्षं झाली, हात कुणाचे ते त्यानं विचारलेलं नाही. तुझं पत्र वाचल्यावर हे पहिल्यांदा लागलं.

सोबतचा मजकूर छापून घे: 'किटली गेला. दफन १७ मे, सकाळी दहा.'
चुकलो. लोभ आटू देऊ नकोस.
तुझा मर्डॉक

ग्लेस बे, १८ मे

चि. मर्डॉक,
अनेक आशीर्वाद. रजा मिळाली नाही, कळलं.

काल दफनभूमीपासून गाड्यांची रांग पार चर्चपर्यंत. उरलेले दहाही अँगस आले. बूटनं खांदा दिला. तीन गाई म्हणाला, की त्या चहात साखर कधीच पुरेशी नसायची, आणि हुंदके देत राहिला. मी उभ्या उभ्या पेंगत होते, तरी बरं वाटलं.

मर्डॉकची चौकशी कुणीच केली नाही. किटलीचा कधी येतोय, हे मात्र झाडून सगळ्यांनी विचारलं. काय सांगू?
वाट पाहणारी,
एफीताई