वाळ्याच्या वासाची मेणबत्ती

माय, आज लाईट गेलेली नसताना मी मेणबत्ती लावली आहे आणि तिच्यासमोर बसून तुला लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू गेलीस त्यालाही आता जमाना झाला, तेव्हा हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचे हा प्रश्नच नाही. पण दुपारी शेजारीण येऊन गेली आणि तिच्याशी मी जे बोलले ते अजून सलतं आहे. ते तुलाच सांगता येईल. जरा दमानं सांगते.

ही मेणबत्ती जाड काचेच्या ग्लासात आहे, वर लाकडी झाकण. पुण्याहून कुरिअरनं आली ती कागदाच्या मऊ गवतावर लोळत, मानाच्या जावयासारखी. सोबत एक पत्रक. हिच्यानं मन निवांत होतं म्हणे. जन्मभर बीडच्या पोरांना इंग्रजी शिकवलेल्या आणि आता भिंतीपलीकडचा कोचिंग क्लास ऐकत म्हातारी होणाऱ्या बाईचं मन एवढ्यावर निवांत होत असतं, तर आणखी काय हवं होतं. त्या दुकानात वासांची मोठी यादी असते. एकाचं नाव चक्क ‘गावाकडची सांज’. त्यात चंदन आणि व्हॅनिला. कुठलं गाव, कुणाची सांज? आपल्या सांजेला गोवरीच्या धुराचा, शेणाचा आणि टँकरच्या डिझेलचा वास होता, तो कुणी ग्लासात भरून विकून दाखवावा. लव्हेंडर मला दवाखान्यातल्या चादरीसारखं वाटतं. गुलाब म्हणजे मंगल कार्यालय. मोगरा बरा, पण तासाभरानं डोकं धरतो. पण वाळा, माय, वाळा त्यांना जमला आहे. झाकण काढलं आणि मी थेट तुझ्या माठापाशी जाऊन उभी राहिले.

त्या दुष्काळात आपल्या गावचा आड तळाला गेला होता. कडा गावाहून टँकर यायचा आणि त्या पाण्याला गंजाचा वास यायचा. तू माठात वाळ्याची जुडी सोडायचीस, पाणी संपलं की ती उन्हात वाळवून पुन्हा सोडायचीस. मी सुट्टीला नगरच्या कॉन्व्हेंटातून घरी आलेली, वेण्यांना रिबिनी, आणि नाक वर. त्याच सुट्टीत बायकांची सहकारी सोसायटी निघाली. काकू चेअरमन, म्हणजे सही काकूची आणि शब्द काकांचा. पापड करायचे असं काकांनी ठरवूनही टाकलं होतं. तेव्हा तू मला पुढं ढकललंस. आमच्या सिस्टर चॅपेलमधली मेणबत्त्यांची थोटकं शनिवारी आमच्याकडून वितळवून घ्यायच्या, साच्यात ओतून नव्या करून घ्यायच्या, हे मी तुला सांगितलं होतं. तू बायकांना एवढंच म्हणालीस, “पापडाला पाणी लागतं. मेणाला लागत न्हाई.” नगरहून पत्र्याचे साचे आले, मेणाच्या लाद्या आल्या, आणि पापड राहिले.

मग तुझ्या डोक्यात अत्तर शिरलं. बीडच्या अत्तरवाल्याकडून वाळ्याच्या अत्तराची कुपी आणवलीस. मी शिकलेली, म्हणून ओतायचा मान माझा. मेण खदखदत असतानाच मी कुपी उपडी केली. सगळा वास वाफेबरोबर वर उठला आणि गल्लीत पसरला. मेणबत्त्या झाल्या त्या नुसत्या मेणाच्या. पण मला आठवतं ते वेगळंच. बायका कामं टाकून तशाच बसून राहिल्या आहेत, डोळे मिटून. कितीतरी दिवसांत कुणाची धड आंघोळ नाही, अंगावर धूळ, आणि गल्लीभर वाळा. एक म्हातारी म्हणाली, “बयो, पुन्यांदा सांड की.” तू मला रागावली नाहीस. पुढच्या खेपेला मेण विरजणाच्या दुधाइतकं कोमट होऊ दिलंस आणि तेव्हा वास मेणात राहिला.

त्या मेणबत्त्या नारायणगडाच्या जत्रेला गेल्या आणि जशाच्या तशा परत आल्या. देवापुढं लोक तेलवात लावतात, मेणबत्ती कोण लावणार? आपल्यापैकी एकीच्याही ध्यानात हे आलं नव्हतं. साध्या मेणबत्त्या तेवढ्या खपल्या, कारण लाईट रोजच जायची. मग काकांनी बैठक बोलावली. ते तुझ्याशी थेट बोलत नसत, भिंतीशी बोलत. तसंच भिंतीकडं बघून त्यांनी विचारलं, “प्यायला पाणी न्हाई, आन् ह्यो वास कुणासाठी म्हणायचा? चारा छावणीतल्या म्हशींसाठी?” गडीमाणसं हसली. पाठोपाठ बायकाही हसल्या, त्याचा मला अजून राग आहे. तू दाराच्या चौकटीला टेकून उभी, डोक्यावर पदर. मला वाटलं तू आता विक्रीचं काहीतरी बोलशील, पुढच्या जत्रेचं, शहरातल्या गिऱ्हाइकांचं. तू म्हणालीस, “माझ्यासाठी, भाऊजी. मला आवडतो.”

काकांनी पुढचा विषय घेतला. अत्तर बंद झालं ते झालंच, त्यावर तू वाद घातला नाहीस. उरलेल्या मेणबत्त्या तेवढ्या तुझ्या वाट्याला मागून घेतल्यास. त्यातली एक काकूनं पदराखाली घालून नेली, ते आपण दोघींनी पाहिलं आणि एकमेकींकडं पाहिलं नाही.

पुढं रोज दिवेलागणीला तू एक लावायचीस, लाईट असो नसो, आणि तिला हात जोडायचीस. एकदा मी सवयीनं फुंकर मारली. आमच्याकडं सिस्टर तशीच विझवायच्या. तू हातावर चापट दिलीस. “दिवा हाय तो. फुंकतात का दिव्याला?” मग जिभेला बोट लावून, चिमटीत वात धरून तिला शांत कसं करायचं ते दाखवलंस. पुण्याच्या पत्रकात झाकण ठेवा असं लिहिलं आहे. मी चिमटीच वापरते.

तर आज दुपारी शेजारीण विरजण मागायला आली. वास घेऊन दारातच थबकली. “मॅडम, लई भारी वास हाय. सूनबाईनं पाठवली का?” आणि मी, जिच्या जिभेला अख्खी शाळा टरकून होती, मी म्हणाले, “हो ना. ही आजकालची पोरं, काय बाई ह्यांचे चोचले.” ती खूश झाली. म्हणाली, नशीब लागतं अशी सून मिळायला. सूनही चांगली आहे, नाही असं नाही. ती मला स्वेटर पाठवते आणि हाडांच्या गोळ्या पाठवते. म्हाताऱ्या बाईला काय लागतं ते सगळं ती पाठवते.

वात आता काजळी धरायला लागली आहे. बोट ओलं करते. हिच्या बुडाला किमतीचं लेबल होतं, ते मी आल्या दिवशीच नखानं खरवडून काढलं.

मीच मागवली, माय. माझ्यासाठी.