मागाच्या खड्ड्यातील सरकारी नेचे परत घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
प्रादेशिक तपासणी कार्यालय, नागपूर

अर्जदार: शालिकराम बाबनराव हेडाऊ, कनिष्ठ लिपिक, राहणार पाचपावली, नागपूर

विषय: सरकारी झाडांच्या चोरीचा खुलासा, व चोरलेली झाडे कृपा करून परत घेण्याची विनंती
संदर्भ: आपला गेल्या सोमवारचा ‘कारणे दाखवा’ आदेश

महोदय,

१. सदर आदेश वाचून अर्जदारास धन्यता वाटली. पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणणाऱ्या त्याच्या घराण्यात चोर निघण्याचा पहिला मान त्यास मिळाला आहे. कार्यालयातील कुंड्या त्याच्या घरी आहेत, हे खरे. कशा आल्या, ते सादर आहे.

२. माजी अधीक्षक साहेबांनी दिल्लीच्या एका कार्यालयात कुंड्या पाहिल्या आणि परत येताच येथेही हिरवळ आणली. झाडांची निवड त्यांनी जातीने केली. क्रोटनची तांबडी पाने दप्तराच्या फडक्यांशी जुळतात म्हणून क्रोटन अभिलेखांच्या खोलीत गेले, जेथे भर दुपारी दिवा लावावा लागतो. नेचा, ज्यास साहेब फर्न म्हणत, सावलीचा व ओलाव्याचा जीव. त्यास पश्चिमेची खिडकी मिळाली, कारण साहेबांच्या खुर्चीतून तीच दिसे. पाणी घालणे सर्वांचे काम असल्याने कोणीच घालीत नसे, आणि साहेब फेरीस निघाले की सर्व जण एकदम घालीत. क्रोटनने पाने टाकली. काही नेचे करपले, काहींची मुळे कुजली.

३. साहेब हळहळले. “शालिकराम, ये फर्न मरना नहीं चाहिए,” असे त्यांनी बजावल्यावर अर्जदाराने भीतीपोटी, त्यांच्याच परवानगीने, एक कुंडी घरी नेली. घरात दोन खोल्या. एकीत माणसे, दुसरीत मातोश्री जनाबाईंचा हातमाग. जागाच नसल्याने कुंडी मागाच्या खड्ड्यात, मातोश्रींच्या पायांपाशी ठेवली. सूत तुटू नये म्हणून ती खोली ओलसर व अंधारी ठेवतात. नेचा असा फोफावला की मातोश्री म्हणाल्या, “हे झाड हाय का जावई? पाहुणचार झाला, तरी जायचं नाव नाही घेऊन राहिलं!”

४. अर्जदाराने ही वार्ता हर्षाने साहेबांना कळविली. दुसऱ्याच दिवशी उरलेले सर्व नेचे हातगाडीवर पाचपावलीत आले. पुढे दर रविवारी साहेब स्वतः येत, अंगणात चहा घेत व खड्ड्यात वाकून नेच्यांशी इंग्रजीत बोलत. मातोश्रींना पाय सोडण्यास जागा उरली नाही. माग बंद पडला. शेजारच्या रुख्माबाईंच्या गोपिकेचे लग्नाचे लुगडे मागावर अर्धेच राहिले. ती मुलगी रोज दारात येते, त्याकडे पाहते आणि परत जाते.

५. पुढे मध्य प्रदेश राज्य फुटले व नागपूर मुंबई राज्यात आले. साहेब भोपाळच्या वाटणीस गेले. आपण आम्हांस लाभलात. कुंड्या मात्र कोणाच्याच वाटणीस आल्या नाहीत.

६. आपला आदेश मिळताच अर्जदार सर्व नेचे हातगाडीवर घालून कार्यालयात आला. भांडारपाल नानाजींनी सांगितले की माजी साहेबांनी जाताना सर्व झाडे नोंदवहीत ‘उन्हाने मृत’ दाखविली आहेत. “मेलेल्या कुंड्या जमा कशा करून घेऊ गा? जिवंत हायेत म्हणून साहेबाचा दाखला आण.” दाखल्यासाठी अर्जदार आपल्या दालनाच्या दाराशी आला, तेव्हा चौकशी चालू असलेल्या इसमास साहेब भेटत नाहीत, असे शिपायाने कळविले. नेचे पुन्हा खड्ड्यात गेले.

७. सबब विनंती की, नेचे मृत असल्यास चोरी झाली नाही असे ठरवावे. जिवंत असल्यास परत न्यावेत. नेल्यास पश्चिमेची खिडकी टाळावी, माती बोटाने चाचपून कोरडी लागली तरच पाणी द्यावे, आणि ते एकाच माणसाने द्यावे. फेरीची वाट पाहू नये.

८. वरील मजकूर काल लिहून मातोश्रींना वाचून दाखविला. त्या म्हणाल्या, “दे, दे अर्ज. साहेबाचं उत्तर येईस्तोवर गोपिकेच्या पोराचं बारसं होईन!” आज सकाळी अर्जदारास जाग आली ती मागाच्या खटखटीने. खड्डा झाडून स्वच्छ होता. मातोश्री, रुख्माबाई आणि गल्लीतील बाया सूर्योदयालाच डोक्यावर कुंड्या घेऊन आपल्या बंगल्यावर जाऊन आल्या होत्या. आपण झोपेत होता. बाईसाहेबांनी नेच्यांचे कौतुक केले, कुंड्या दिवाणखान्यात मांडून घेतल्या व सर्वांना चहा पाजला, त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे.

९. सारांश, सदर सरकारी झाडे आता कोणत्याही नोंदीशिवाय आपल्या राहत्या घरी आहेत. याबाबत वरून आपणांस खुलासा मागितला गेल्यास, अनुभवी माणूस म्हणून मसुदा करून देण्यास अर्जदार तयार आहे.

आपल्या आज्ञेत, व अद्याप आपल्या संशयातही असलेला,
शा. बा. हेडाऊ
पाचपावली, नागपूर
दिनांक १२ एप्रिल १९५७