चौऱ्याहत्तर किलोचा हेर

४ मार्च

हेराच्या सिनेमाच्या नवव्या भागाचं कापड आलं! राखाडी, जड, भारीतलं. कोट दोन शिवायचे — एक साहेबांचा, एक माझ्या पोराचा. पडद्यावर तोंड साहेबांचं, पडणं माझ्या पोराचं. सव्वीस वर्षं हेच चाललंय.

मला अक्षर येत नाही. मी सांगतेय, नात लिहितेय. तिला बजावलंय — बोलते तसं उतरव, मध्ये आपलं शहाणपण घालू नकोस, आणि तुझ्या मामाला यातलं एक अक्षर दाखवलंस तर बघ.

पहिल्या भागात हा हेर एक चिठ्ठी चोरायचा. एवढंच! चिठ्ठी खिशात घालून पहिल्या मजल्यावरून खोक्यांवर उडी. पोराचा गुडघा फुटला आणि मी पांढरी पडले. दुसऱ्यात मोटारसायकल. तिसऱ्यात आगगाडीचं टप. चौथ्यात हेलिकॉप्टर आलं, ते अजून काही गेलं नाही. लोकांना दर खेपेला जास्त उंची लागते. चिठ्ठीवरून गाव, गावावरून देश, आणि आता म्हणे अख्खं जग वाचवायचं असतं. चिठ्ठीसाठी पडलं की गुडघ्यावर भागायचं. जगासाठी पडलं तर काय काय मोडेल?

हिरॉइनी बदलल्या. दुष्ट माणसं बदलली — या वेळी तर दुष्ट माणूसच नाही, एक कॉम्प्युटर आहे. आई मात्र एकाही भागात नाही. त्या हेराला आई असती तर दुसरा भाग निघालाच नसता.

या वेळी धरणाच्या भिंतीवरून उडी. कमरेला रबरी दोर. मी ऐकलं आणि कात्री खाली ठेवली.

७ मार्च

पोरगा माप द्यायला आला. मी टेप वापरत नाही, आकडे कोण वाचणार? ज्याचं माप त्याची सुतळी, मापाला गाठ. साहेबांची आणि पोराची सुतळी एकच. पहिल्या भागात दोघं एका मापाचे निघाले, म्हणून तर त्याला घेतलं.

कमरेला सुतळी लावली. गाठ पोचेना! चार बोटं कमी.

"सुतळी आखडली असेल," म्हणतो.

"सुतळी जेवत नाही रे," म्हटलं.

हसला. मग दार लोटून हळूच म्हणाला, "आई, आतून थोडं सोड. कुणाला बोलू नकोस. माप बिघडलंय कळलं तर दुसरा घेतील."

अठ्ठेचाळीसचा झालाय. केस मागे गेलेत. तरी दार लोटून मागायची सवय तीच, बिस्किटाच्या डब्याच्या वेळची.

सोडलं. आतल्या बाजूने, कुणाच्या बापाला दिसणार नाही असं. पोराचं झाकायला आईला कुणी शिकवावं लागत नाही.

८ मार्च

सुई तीनदा बोटात. बाकी काही नाही.

११ मार्च

कोट पोचवायला धरणावर गेले. खाली बघू नका म्हणाले. बघितलं. पाणी नाही, नुसते दगड! कठडा धरून उभी राहिले.

दोर बांधणाऱ्याला तिथे सगळे गाठोबा म्हणतात. भला माणूस. चहा दिला, नीट समजावलं. आधी माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं टाकतात. दोर किती ताणला जातो ते बघायचं, त्यावरून लांबी ठरवायची. माणूस दगडांच्या वर दोन पुरुष उंचीवर थांबला पाहिजे.

"आणि माणूस पोत्यापेक्षा जड निघाला तर?" मी उगाच विचारल्यासारखं केलं.

"दोन-तीन किलोनी काही होत नाही, मावशी. दहा-बारा असतील तर मग दगडच."

पोत्यावर खडूने काही काढलं होतं. काय ते विचारलं.

"चौऱ्याहत्तर. कागदावर दोघांचं आहे तेच."

अरे, ते चौऱ्याहत्तर पहिल्या भागातलं! वीस-बावीस वर्षांच्या पोराचं!

चहा अर्धा टाकून निघाले. वाटेत प्रत्येक वळणावर वाटत होतं, परत जावं, सांगावं. गेले नाही.

१२ मार्च

पोराला फोन केला. म्हटलं, खरं वजन सांग.

"सांगितलं की काट्यावर उभं करतील. काट्यावर उभं केलं की घरी पाठवतील. मागे पंचविशीतली पोरं रांग लावून उभी आहेत, आई."

"मग ये घरी."

"घरी येऊन काय करू? मला पडण्याशिवाय काय येतं?"

"ये म्हटलं ना," मी पुन्हा म्हटलं.

"आजवर झालं का मला काही?" म्हणाला.

हेच त्याच्या वडिलांनीही शेवटच्या आजारात म्हटलं होतं. — नातीचा हात थांबला. लिही गं, थांबू नकोस.

१४ मार्च

सांगितलं.

सकाळी गेले, गाठोबासमोर कोट उलटा केला आणि सोडलेली शिवण दाखवली. पोराला चारचौघांत काट्यावर उभं केलं. शहाऐंशी! कुणीतरी फिसकन हसलं. त्याला दिवसभर उचकी लागो.

पोराला घरी पाठवलं. जाताना एवढंच म्हणाला, "आई, पोटावर पाय दिलास."

पोट बघूनच दिला — जिभेवर आलं होतं. गिळलं. जिवंत माणूस रागावतो. रागावू दे.

१५ मार्च

नातीने बातमी वाचून दाखवली. साहेब म्हणालेत, या भागातली उडी मी स्वतः मारणार. कुणी बदली नको! लोक टाळ्या वाजवतायत.

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं.

साहेबांचा कोटही मी सहाव्या भागापासून दर खेपेला आतून सोडते. त्यांचा मेकअपवाला बोलत नाही, नुसता डोळ्यांनी खुणावतो. या वेळी पाच बोटं! आणि कागदावर त्यांचंही चौऱ्याहत्तर.

आपल्या पोराचं उघडं केलं, परक्याचं झाकून ठेवलं. उडी अठराला.

१६ मार्च

पुन्हा धरण. साहेबांच्या मॅनेजरला गाठलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "मावशी, साहेबांना वजन विचारू? त्यांचं वयसुद्धा आम्ही विचारत नाही!"

गाठोबाला म्हटलं, तू अंदाजाने दोर आखूड कर.

"अंदाजाने भाजीत मीठ घालतात," म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. पण काट्याचा विषय साहेबांपाशी कोण काढणार?

तशीच पोराच्या दाराशी गेले. दोन दिवस बोलला नव्हता. दार अर्धंच उघडलं.

"सव्वीस वर्षं त्यांच्यासाठी पडलास. तुझं ऐकतील. जा, सांग."

"माझं काय अडलंय?"

"तुझं नाही. माझं अडलंय. मला ते दगड दिसतात."

त्याने दार पूर्ण उघडलं. मग बूट घातले.

१७ मार्च

उडी उद्या सकाळी. पोराचा फोन नाही. गाठोबाचा लागत नाही.

१८ मार्च

उडी झाली. दुपारी फोन आला — पोराचाच.

साहेब काट्यावर चढले म्हणे. दार लावून, पोरगा आणि गाठोबा दोघांसमोर. ब्याण्णव! जुन्याच दोराला ब्याण्णवचं पोतं बांधून टाकलं, ते दगडांवर फुटलं. साहेब मटकन खाली बसले. मग म्हणाले, "तूच मार. बाहेर कुणाला कळायला नको."

गाठोबाने दोर शहाऐंशीला बांधला. पोराने मारली. साहेबांनी मारली, असं सगळीकडे सांगितलंय.

आणि मीच त्याला बूट घालायला लावले होते.

दहाव्या भागाच्या कागदावरही सही केलीय त्याने, खरं वजन घालून. दहाव्यात काय आहे, विचारलं.

"आई," म्हणाला, "जेवलीस का?"