पुण्याचा अर्ज आणि सुडाची यादी

५ जून १९३४
मॅट्रिक पास. मराठी ६८, उर्दू ७२, इंग्रजी ६१, गणित ३६. गणिताच्या मास्तरांचा आणि माझा जुना छत्तीसचा आकडा, तो त्यांनी पेपरवर उतरवला. पेपर त्यांनी तपासलाच नाही म्हणे. तरी हात त्यांचाच.
आजपासून सुडाची यादी सुरू. नंबर एक: मास्तर.

६ जून, सकाळ
ठराव: पुण्याच्या कॉलेजात जाणार. तिथे निजामाच्या राज्यातला वर्षाला एखादाच घेतात. तो एखादा मी.
चुलते काकासाहेब ओसरीवर चारचौघांत म्हणाले, पुन्याचं कालेज? ह्याला जालन्याचं पोष्ट तरी सापडंल का? सगळे हसले. नंबर दोन.

८ जून
काकासाहेबांचा राधाकिसनही तिथेच अर्ज करतोय! माझ्याहून वर्षाने लहान, गणितात ९१. नंबर तीन. आई म्हणते, पोरगं गुणाचं हाय. आईला यादीत घालणं बरं दिसत नाही.

११ जून
अर्ज चार वेळा लिहिला. गणितापुढे खुलासा: परीक्षेच्या दिवशी ताप होता. (नव्हता. पण पुण्याला काय कळतंय?) अर्ज पंचवीस तारखेच्या आत पोचला पाहिजे. पोचेल.

१२ जून, दुपार
राधाकिसन आला. म्हणाला, दादा, निजामाचं तिकीट लावू नको, ते आपल्या राज्यापुरतंच चालतं. पुन्याला धाडायचं तर स्टेशनाजवळच्या इंग्रजी पोष्टात जावं लागतंय. मी जाऊनच राह्यलो, दे, दोन्ही संगंच टाकतो.
किती गोड! माझं पाकीट याच्या हातात, आणि वाटेत कुंडलिका नदी. मी इतका खुळा नाही. हसून नको म्हणालो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
जुन्या जालन्यात, आपल्या निजामाच्या पोस्टात टाकलं. एक तिकीट पुरलं असतं, चार लावली. खिडकीतले पोस्टाचे मुन्शीजी काहीतरी सांगायला लागले. म्हटलं, मला सगळं माहीत आहे.

१९ जून
उत्तर नाही. मोठी कॉलेजं विचार करून घेतात.
तोवर सुडाची तयारी. दिवाळीला कोट घालून येईन, मास्तर समोरून आले तर ओळख देणार नाही. काकासाहेबांना दर आठवड्याला पत्र, त्यात एकच ओळ: जालन्याचं पोस्ट सापडलं. राधाकिसनला माझी जुनी पुस्तकं पाठवीन, कीव म्हणून.

२७ जून
राधाकिसनला घेतलं. काकासाहेबांकडून पेढे आले. हात लावला नाही. (नंतर दोन खाल्ले.)
माझं पत्र उद्या. नक्की.

२९ जून
पत्र आलं. पाकिटावर अक्षर माझंच. पाकीटही माझंच. चारही तिकिटं जागच्या जागी, आणि वर तांबड्या शाईत उर्दूत शेरा: ही तिकिटं बाहेरच्या मुलुखात चालत नाहीत. उर्दू मला चांगली येते, तरी दहा वेळा वाचलं.
मुदत संपून चार दिवस झाले.
मुन्शीजींना नंबर चार द्यायला घेतला. पण ते तर सांगत होते. राधाकिसनही सांगत होता. गोठ्यात जाऊन रडलो. थोडं नाही, पुष्कळ.

३ जुलै
राधाकिसनची ट्रंक स्टेशनवर मीच नेली. आईनं सांगितलं. काकासाहेब वाटभर पावसापाण्याचंच बोलत होते. पोस्टाचं काढलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.
गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून एक रिकामं पाकीट हातात दिलं. वर त्याचा पुण्याचा पत्ता, कोपऱ्यात इंग्रजी तिकीट, आधीच चिकटवलेलं. म्हणाला, दादा, पत्र टाकत जा. पुढल्या साली फारम मी धाडतो.
असा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. घरी येऊन त्याला पत्रातून चांगलं झाडायला बसलो. एकही शिवी शिल्लक ठेवायची नाही असा ठराव.
तासाभरात एकच ओळ झाली: तुझी गणिताची वही कुठं ठेवलीस?