कुलूप नसलेले धडे

१६ ऑक्टोबर २००८, जालना

सिस्टीमवर आजही एकही मुलगी आली नाही. केंद्रप्रमुख सरांना सांगितलं. म्हणाले, "मुली आळशी आहेत."

ऑनलाइन शिकवायला म्हणून संस्थेने ही सिस्टीम विकत घेतली. आत शिरायला प्रत्येकीला स्वतःचा ईमेल हवा, पासवर्ड हवा. पहिला धडा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याचं कुलूप निघत नाही. मोबाइलवर तर काही दिसतच नाही. आणि आमच्या मुली कोण? शाळा सुटलेल्या, निम्म्याहून जास्त लग्न झालेल्या, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या. सध्या दिवसभर कापूस वेचतात. आळशी.

हे सरांना तोंडावर म्हणायला हवं होतं. "बघते सर" म्हणून खाली आले.

१९ ऑक्टो.

सायबर कॅफेत बसून फुकटचा ब्लॉग उघडला. पासवर्ड नाही, कुलूप नाही. धडा म्हणजे फक्त आवाज, मोबाइलवरही वाजेल, चहा उकळेपर्यंत संपेल एवढा. हेडफोनच्या माइकवर घरी रेकॉर्ड केला, पंखा बंद करून. फाइल चढवताना दोनदा लाइट गेली.

धड्याच्या शेवटी प्रश्न टाकते, उत्तर देत नाही. उत्तर पुढच्या धड्यात. ही पद्धत नानांची. मी शाळेत गेले ती एकदम पाचवीला. तोपर्यंत मेंढरांमागे चालत या चुलत्यानेच शिकवलं. संध्याकाळी अर्धं सांगायचे, सकाळी वाडग्यातून मेंढरं सोडताना उरलेलं मला विचारायचे. रात्रभर ते डोक्यात फिरायचं.

कें.प्र. ना सांगितलेलं नाही. विचारलं तर खरं सांगेन. विचारलं नाही तर सांगणं माझ्यावर आहे का? आहे, बहुतेक.

२ नोव्हें.

महिन्याचा भेटीचा दिवस. मुलींशी ठरलं: धडा ऐकला की मला मिस्ड कॉल, नंबर धड्यातच सांगते. एक म्हणजे समजलं, दोन म्हणजे परत सांगा. कुणाला खर्च नाही.

कुंभार पिंपळगावची मनीषा मागच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, बराबरच्या पलीकडं गेलं की अधिकचं उणं का होतं? मी सासरी आले, आडनाव बदललं. म्हणून मी बदलले का? मी तीच हाय ना?" सगळ्या हसल्या. इतकी वर्षं गणित शिकवते, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं. पाठच केलं होतं.

मग तराजू काढून दाखवला. पलीकडे काही जात नाही, दोन्ही पारड्यांतून सारखंच उचलायचं. ती बघत राहिली. एकदम हसली, मोठ्याने. "म्हंजे ते तिकडं गेलंच न्हाई! उगा सांगत व्हते आम्हाला."

हे सगळं रेकॉर्ड झालंय. तिला विचारलं, "हे टाकू का? कोणीही ऐकेल." म्हणाली, "ऐकू द्या. मलाबी ऐकायचाय माझा आवाज."

सासरी विचारून ये, असं ओठांवर आलं होतं. म्हणाले नाही. आवाज तिचा आहे.

४ नोव्हें.

हसणं ठेवू की काढू? तीनदा कापलं, तीनदा परत जोडलं. काढलं की नुसता नियम उरतो. तिला समजलं तो क्षण म्हणजे ते हसणंच. ठेवलं.

१२ नोव्हें.

कुं. पिंपळगावला बाजाराच्या दिवशी गेले. चौकात मोबाइलचं दुकान आहे, मोबाइलवाला मेमरी कार्डात गाणी भरून देतो. त्याला धडे दिले. मी विचारलं, गाण्यांसोबत फुकट टाकाल का? "टाकतो की ताई. गणितच हाय, वझं थोडंच होतंय कार्डाला."

मनीषाच्या नवऱ्याने, गजाननने, कार्ड भरून नेलं म्हणे. ती कापूस वेचताना ऐकते.

३० नोव्हें.

मिस्ड कॉल इतके की आईने फोन उशीखाली दाबला. सर्वांत जास्त मनीषाच्या धड्यावर. एकेकच. ज्या मुली माझ्या यादीत नाहीत त्यांचेही. एक बाई तर अंबडच्या पलीकडची, दहावीला बसलेलीही नाही. मी फोन लावला तर म्हणाली, "आम्ही वेचताना लावतो. ती हसणारी लई आवडती आम्हाला."

आज मला बरं वाटलं. लिहून ठेवते, क्वचित वाटतं.

१८ डिसें.

मनीषाचा फोन बंद. तीन दिवस.

१९ डिसें.

समजलं. घनसावंगीच्या मुलीने सांगितलं. मोबाइलवाला दुकानातल्या स्पीकरवर कार्डं तपासतो. त्यात तो धडा लागला. शेजारच्या चहाच्या गाड्यावरच्या लोकांनी ऐकला आणि परत लावायला सांगितला. आवाज ओळखला. आता गजानन चौकात दिसला की, "काय गजूभाऊ, वहिनी बदलली का न्हाई अजून?" आणि मग ते हसणं. पुरुषांनी काढलेलं बाईचं हसणं.

त्याने चहा प्यायला जाणं सोडलं. घरी कार्ड मोडलं. मनीषाला परीक्षेला बसू देणार नाहीत.

मी बाईचा आवाज उघड्यावर ठेवला. तिला विचारून ठेवला. "कोणीही ऐकेल" म्हणताना मला मुली दिसत होत्या. चौक दिसला नव्हता. तिला तरी दिसला होता का?

२१ डिसें.

तिच्या घरी गेले. सासूने पाणी दिलं, बसायला पोतं झटकून टाकलं. मनीषा आतल्या दाराशी उभी.

सासू म्हणाली, "शिकायला आमची बिलकुल ना न्हाई. फॉर्म म्याच भरू दिल्ता. पन गावानं ऐकावं का? सासरी आले अन् मी तीच हाय, म्हन्ती. चौकात."

मी म्हणाले, ते गणिताचं होतं.

"गावाला गनित कळतंय का मॅडम?"

मी म्हणाले, माझाही आवाज आहे त्या धड्यात, सगळ्या धड्यांत.

"तुम्ही नोकरदार. तुम्हाला मॅडम म्हन्त्यात. तिला काय म्हन्तील ते तुम्ही ऐकायला असनार हायेत का?"

  सासूची अट एकच: सगळीकडून आवाज काढा, मंग बसल परीक्षेला.

२२ डिसें.

ब्लॉगवरून धडा काढला. मोबाइलवाल्याकडे गेले. तो खजील होता, पण खोटं बोलला नाही. "माझ्याकडून काढतो ताई. लोकाच्या कार्डात गेलं ते कसं काढू? खिशात हात घालू का त्यांच्या? अन् ब्लूटूथनं कुठवर गेलं, ते मलाबी म्हाईत न्हाई."

निघताना म्हणाला, "बाया अजून मागायला येत्यात. काय सांगू?"

नाही म्हणून सांगा, मी म्हणाले.

२३ डिसें.

धावड्याला नानांना फोन. सगळं सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवाज मोकळा सोडलास, बराबर केलंस. पन कळप सोडला की मागं मानूस चालतं. तुझ्या कळपामागं कोन व्हतं?"

कोणी नव्हतं नाना. मी जालन्यात हेडफोन लावून बसले होते.

"रडून राह्यलीस का?"

नाही म्हटलं.

२६ डिसें.

कें.प्र. ना कुणीतरी सांगितलंच. रागावले नाहीत, हे जास्त लागलं. खुशीत होते. "बघा, पासवर्ड कशासाठी असतो ते आता कळलं ना? आपल्या सिस्टीममध्ये असतं तर हे झालं असतं का?"

नसतं झालं. आत कोणी आलंच नसतं. चौकही नाही आणि मनीषाही नाही.

हुकूम: ब्लॉग बंद. सगळे धडे सिस्टीममध्ये हलवायचे. मुलींचे आवाज काढून पुण्याच्या बाईंचा आवाज घालायचा, त्या पैसे घेऊन बोलतात.

म्हणाले, "तुमची मेहनत वाया जाणार नाही. नाव संस्थेचं राहील."

९ जानेवारी २००९

पुण्याच्या बाईंचा आवाज आला. सुरेख. "बाई, पलीकडे गेल्यावर चिन्ह का बदलतं हो?" असं विचारतात, जसं काही उत्तर पर्समध्येच आहे. समजल्यावर "अच्छा!" म्हणतात.

मला या बाईंचा राग येण्याचं कारण नाही. येतो.

१६ जाने.

तोच धडा घरी पुन्हा करून पाहिला. मीच विचारलं, मीच समजावलं. हसून पाहिलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं गं? लागलं का कुठं?"

पुसून टाकलं.

२८ जाने.

पाहणीला समिती येऊन गेली. आदल्या दिवशी कें.प्र. म्हणाले, मुलींच्या नावाने ईमेल काढा, आत जा, धडे पुढे सरकवा, नावापुढची पट्टी हिरवी दिसली पाहिजे. मी म्हणाले, "सर, हे मला जमणार नाही."  ते म्हणाले, "बरं." एवढंच. मग कार्यालयातल्या ऑपरेटरला बसवलं. त्याने जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं हिरवं केलं.

समितीच्या बाईंनी पडद्यावर एक नाव सहज निवडलं. मनीषा. सगळे धडे पूर्ण. "अरे वा," म्हणाल्या, "ग्रामीण भागातली विवाहित मुलगी." टाळ्या झाल्या.

मी भिंतीला टेकून उभी होते. टाळ्या वाजवल्या नाहीत. बोललेही नाही. तर मग न वाजवून काय केलं?

११ फेब्रु.

अनोळखी नंबरवरून एक मिस्ड कॉल. एकच. उलट फोन लावला, कुं. पिंपळगावच्या एस.टी. स्टँडवरचा नाणं टाकायचा फोन. कुणी पुरुष म्हणाला, "एक बाई व्हती, गेली." कशी होती? "बाईसारखी."

एक म्हणजे समजलं; मनीषाच असणार, पुस्तकं जवळ आहेत तर तिच्या.

२० फेब्रु.

हॉलतिकिटं आली. मुली घेऊन जात आहेत. मनीषाचं माझ्या खणात.

२४ फेब्रु.

गजानन आला. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. माझ्याहून लहान असेल. उभ्या उभ्याच म्हणाला, "तिचं हॉलतिकीट द्या."

मी विचारलं, बसणार ना ती?

"आईनं न्यायला लावलंय. घरात ठिवू, म्हन्ली. बघू."

नियम असा की उमेदवाराने स्वतः सही करून घ्यायचं. मी तसं सांगितलं. तिला घेऊन या, सही करेल, लगेच देते.

तो म्हणाला, "मी अडवलं न्हाई मॅडम तिला. कार्ड मीच आनलं व्हतं. रात्री दोघं ऐकायचो. मलाबी कळलं ते तराजूचं." मग आवाज चढला. "चौकात बसायला जागा ठिवली न्हाई तुम्ही, अन् आता सही मागता."

गेला. मी हाक मारली नाही.

२५ फेब्रु.

दिलं असतं तर? फाडलं असतं किंवा तिच्या हातात पडलं असतं. आता दोन्ही नाही. काल मला नियम आठवला तो नियमासाठी की त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून? दुसऱ्या दोघींची हॉलतिकिटं मी त्यांच्या भावांना दिली आहेत. सह्या नंतर घेतल्या.

त्याला ते माहीत नाही. मला आहे.

२७ फेब्रु.

हॉलतिकीट घेऊन तिच्या घरी गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळे लग्नाला गेलेत. कधी येणार? "येतील की." मोबाइलवाल्याजवळ निरोप ठेवला: तिकीट माझ्यापाशी आहे, पहिल्या पेपरला घनसावंगीत परीक्षा केंद्राच्या गेटवर उभी राहीन. सही नको. कुणीही या.

तो म्हणाला, "सांगतो ताई. मोठ्यानं न्हाई सांगत."

पहिल्या पेपरचा दिवस, घनसावंगी

रजा टाकून आले. कें.प्र. नी कारण विचारलं नाही. नव्या सिस्टीमचा अहवाल लिहिण्यात आहेत.

मुली आल्या. घाबरलेल्या, पदर खोचलेल्या, हातात दोन दोन पेनं. पाया पडायला वाकल्या, पडू दिलं नाही. अंतरवालीची एक म्हणाली, "मॅडम, मनीषावैनी सकाळी टमटममध्ये बसून राह्यली व्हती. सासूबी व्हती संगं." कुठल्या बाजूला निघाली? "ते न्हाई पाह्यलं. माझी गाडी सुटली."

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. गेट लावलं. शिपायाला विचारलं, उशिरा आली तर? म्हणाला, अर्धा तास घेतेत, मंग न्हाई.

हे गेटजवळच्या कट्ट्यावर बसून लिहिते आहे. एक टमटम आली, त्यात सिमेंटची पोती. दुसरी सरळ निघून गेली, आत बाया होत्या, तोंडाला पदर. ओळखता आलं नाही. मी उभी राहिले तोवर वळली होती.

शिपाई म्हणाला, "मॅडम, ऊन लागंल. तिकडं लिंबाखाली तरी बसा."

लिंबाखालून रस्ता दिसत नाही.