डिझेलच्या टाकीतले पाणी

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या हाताला इंजिनाचा हवा काढायचा स्क्रू फिरवता आला नाही, म्हणून हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे. पाना नीट बसला होता, जोर कुठे लावायचा तेही ठाऊक होते, पण बोटे मिटेनात. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक बारीक शीर बंद झाली आहे. दुसरी बंद होईल ती कळवून होणार नाही.

मी एकाहत्तर वर्षांची, अविवाहित, रसायनशास्त्राची पदवीधर, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त. बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. पासष्टला ते "पुरे" म्हणाले. मी दोनपर्यंत जाऊन थांबले. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही.

बारा वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात "माझ्या धाकट्या बहिणीस काहीही देऊ नये" असे वाक्य होते. ते विशेष करून रद्द.

१. घर. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या माझ्या दिवंगत भावाच्या मुलाला. तो वर्षातून दोनदा फोन करतो. "आत्या, तब्येत काय म्हणते?" आणि त्याच श्वासात, "घराचं काही ठरवलंस का?" ठरवले आहे. स्वयंपाकघराची खिडकी उचलून धरल्याशिवाय लागत नाही, हे त्याला माहीत नसेल. आलाच तर तो बाहेरच्या खोलीत बसतो.

२. शिवणयंत्र. धक्क्यावरच्या मेकॅनिकला. बोट घेतली त्या वर्षी मी फिल्टर मागायला गेले, तेव्हा तो चार लोकांत म्हणाला, "बाई, हे इंजिन आहे, शिवणयंत्र नाही." त्यानंतर तेवीस वर्षे मी त्याला इंजिनाला हात लावू दिलेला नाही. दोन्हींतला फरक त्याने आता सावकाश पाहावा. यंत्राला तेल घातलेले आहे.

३. बोट. नऊ मीटरची शिडाची बोट, इंजिन आणि अवजारांसह, माझ्या धाकट्या बहिणीला. कारण देणे कायद्याने आवश्यक नाही. मी देत आहे.

बोट दोघींनी मिळून घेतली. ती वर सुकाणूवर, मी खाली इंजिनापाशी. वारा तिचा, डिझेल माझे. ती वर गात असे आणि मी खालून ओरडे, "धाकटे, तोंड बंद ठेव, मला इंजिन ऐकू येत नाही." आता इंजिन अगदी स्वच्छ ऐकू येते.

अकरा वर्षे असे चालले. मग एका संध्याकाळी बंदराच्या तोंडाशी इंजिन बंद पडले. वारा पडलेला. बोट प्रवाहाबरोबर बांधाच्या दगडांवर गेली आणि धाकटीचे मनगट मोडले. मी फिल्टरखालची काचेची वाटी पाहिली. डिझेलपेक्षा पाणी जड, ते तळाशी बसते. वाटी अर्धी पाण्याने भरलेली होती. डेकवर दोन झाकणे शेजारी-शेजारी आहेत, एक पिण्याच्या पाण्याचे, एक डिझेलचे. आदल्या दिवशी पाणी धाकटीने भरले होते. मी धक्क्यावर, सगळ्यांदेखत, तिला जाब विचारला.

"ताई, मी बरोबर झाकणात भरलं."

"मग हे काय पायांनी चालत आलं?"

"तू पाणी तपासणारी ना? मग तपास की."

"त्यात तपासायचं काय? नळ तू उघडलास."

ती मोडका हात धरून एकटीच दवाखान्यात गेली. पुढच्या आठवड्यात तिने आपला हिस्सा माझ्या नावे लिहून दिला आणि परत धक्क्यावर पाऊल ठेवले नाही. ते पाणी मी बाटलीत भरले, घट्ट बूच लावले, वर चिठ्ठी चिकटवली: "धाकटीचा निष्काळजीपणा", खाली तारीख. ती बाटली केबिनच्या फळीवर ठेवली. बारा वर्षे मी तिच्यासमोर बसून चहा प्यायले.

गेल्या वर्षी चार दिवस सलग पाऊस लागला आणि वाटीत पुन्हा पाणी आले. बोटीवर माझ्याखेरीज कोणी येत नाही, त्यामुळे आरोप करायला माणूस नव्हते. तेव्हा झाकण उघडून पाहिले. डिझेलच्या झाकणाखालचे रबर आडवे तडकले होते. जुनी वही काढली. अपघातापूर्वी तिथले जुने रबर सहा वर्षे बदललेले नव्हते. ते काम माझे होते. अपघातानंतर टाकी धुताना मीच नवे रबर घातले होते आणि जुने न पाहता फेकून दिले होते.

बाटली माझ्या जुन्या प्रयोगशाळेत नेली. आमच्या नळाच्या पाण्यात क्षार भरपूर. पावसाच्या पाण्यात जवळजवळ नसतात. बाटलीतल्या पाण्यात नव्हते. तपासणीला दहा मिनिटे लागली.

याला आठ महिने झाले. तीनदा फोन हातात घेतला. मला चूक दाखवता येते. कबूल करायची सवय नाही. म्हणून येथे लिहून देते: पाणी पावसाचे होते, दोष माझा होता, धाकटी खरे बोलत होती. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता तिला पोचवावे, आणि धक्क्यावर मोठ्याने वाचावे. आरोपही मोठ्यानेच केला होता.

४. डिझेलची निगा. बोट जो वापरील त्याच्यासाठी. दर रविवारी वाटीच्या तळाचा नळ सोडून थोडे डिझेल काचेच्या भांड्यात घ्यावे आणि उजेडात धरावे. तळाशी थेंब दिसले तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहावे. काळा बुळबुळीत गाळ दिसला तर टाकीत बुरशी धरली आहे; टाकी धुवावी, फिल्टर बदलून स्वतःची समजूत घालू नये. बोट उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी, रिकाम्या जागेत दमट हवा घाम सोडते. फिल्टर बदलल्यावर नळीत हवा राहते. स्क्रू अर्धा फेरा ढिला करावा, हातपंप मारावा, फेस थांबून नितळ धार आली की धार चालू असतानाच आवळावा. हे काम दोघांत सोपे जाते. मी बारा वर्षे पाना एका हातात आणि पंप दुसऱ्यात धरून केले.

५. साक्षीदार. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. धाकटी, भावाचा मुलगा आणि मेकॅनिक वगळल्यावर मला ओळखणारी दोन माणसे जमवायला नऊ दिवस लागले.

वरील मजकूर मी डाव्या हाताने लिहिला, वाचला आणि दोघांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

मृत्युपत्र करणार: (सही, डाव्या हाताची)
साक्षीदार: धक्क्याचा रखवालदार (सही)
साक्षीदार: कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातील बाई (सही)
ठिकाण: बोटीची केबिन. दिनांक: २ मार्च २०२२, बुधवार.

सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद, ४ मार्च, शुक्रवार

रखवालदारामार्फत धाकटीच्या घरी: केबिनची चावी एक, देखभालीची वही एक, नवे फिल्टर दोन, कलम तीनची नक्कल एक. बाटली पाठवली नाही. पाणी ओतून टाकले.

रखवालदाराने सांगितले ते असे. नक्कल तिने दारातच उभ्याने वाचली, दोनदा. मग फिल्टर पाहून म्हणाली, "दोनच? तिचं सगळं मोजूनच." कागद आत ठेवून आली आणि पोच लिहून दिली. पोच सोबत जोडली आहे. मजकूर:

"चावी, वही, फिल्टर मिळाले. बोट मिळालेली नाही. ताई आहे तोवर ती तिचीच. कलम तीन धक्क्यावर वाचायचं असेल तर तिने स्वतः वाचावं. रविवारी दहाला येते."